हाताचा हिशेब : कामगार विमा आणि व्यवसायोपचार

१

श्रमिकांचा इतिहास सांगताना आपण संपांचा, मोर्चांचा आणि वेतनवाढीचा इतिहास सांगतो. श्रमिकाच्या हाताचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. गिरणीच्या पट्ट्यात सापडलेला हात, कडबा कुट्टीत गेलेली बोटे, गुऱ्हाळाच्या चरकात चिरडलेले मनगट, गटारातल्या काचेने कापलेली शीर, या सर्वांची नोंद पोलीस पंचनाम्यात आणि इस्पितळाच्या केसपेपरात होते. नुकसानभरपाई मिळालीच तर तिचीही नोंद होते. पण तो हात पुन्हा कामाला लागला की नाही, याची नोंद कोठेच होत नाही. ती का होत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वैद्यकशास्त्रात या प्रश्नाकडे पाहणारी एक स्वतंत्र शाखा आहे. तिला व्यवसायोपचार म्हणतात. शस्त्रवैद्य तुटलेला स्नायुबंध शिवतो आणि त्याचे काम तेथे संपते. व्यवसायोपचार करणाऱ्याचे काम तेथून सुरू होते. शिवलेला स्नायुबंध लगेच ओढला तर तुटतो आणि न हलवता ठेवला तर भोवतालच्या मांसाला चिकटून बसतो. म्हणून पहिले चार ते सहा आठवडे बोटांना आधारपट्टीत, म्हणजे स्प्लिंटमध्ये ठेवून मोजूनमापून हालचाल द्यावी लागते. नंतर व्रण मऊ करणे, पकडीची ताकद वाढवणे आणि शेवटी त्या माणसाचे हत्यार त्याच्या हाती देऊन काम करून घेणे, अशा पायऱ्या येतात. जड कामाला हात लावण्यापूर्वी साधारण बारा आठवडे जातात. हे बारा आठवडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढचा सारा इतिहास याच बारा आठवड्यांभोवती फिरतो.

२

या इतिहासाची सुरुवात कोणत्याही सरकारी योजनेने झाली नाही. ती एका सत्यशोधकाने केली. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपल्या अभ्यासवर्गांत नेहमी सांगितल्या जातात. त्याच निवेदनातली आणखी एक मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही. कामावर असताना ज्याला गंभीर इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा जायबंदी होईल त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य तरतूद व्हावी, अशी ती मागणी होती.

या मागणीत दोन कल्पना आहेत. पहिली, बरे होण्याला लागणारा वेळ हा कामगाराचा हक्क आहे. दुसरी, जायबंदी माणसाचा प्रश्न उदरनिर्वाहाचा आहे, म्हणजे उद्याच्या जगण्याचा आहे. ज्या माणसांना अक्षरओळखही नाकारली गेली होती त्यांनी, भारतात एकही विमा कायदा नसताना, ही गोष्ट नेमकी मांडली होती.

कायदा आला तो ३९ वर्षांनी. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १९२४ पासून अमलात आला. मालकावर जबाबदारी टाकणारा म्हणून तो निःसंशय पुरोगामी होता. पण लोखंड्यांच्या मागणीचे त्याने काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने शरीराचा तक्ता बनवला. कोणता अवयव गेला तर कमावण्याची शक्ती किती टक्के गेली, याचे कोष्टक कायद्याला जोडण्यात आले. पुढे दुरुस्त झालेल्या कोष्टकात अंगठा गेला तर ३० टक्के आणि तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. हे टक्के ज्या रकमेला लावायचे ती ठरते मजुरीवरून. म्हणजे ज्याची मजुरी कमी त्याचा अंगठा स्वस्त. आणि या देशात कोणाची मजुरी कमी असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मुंबईच्या गिरण्यांतच याचा पडताळा मिळतो. अस्पृश्य कामगाराला विणाईखात्यात प्रवेश नव्हता. तेथे धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगार त्या विटाळाला तयार नव्हता. विणाईखात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला. जातीने खाते ठरवले, खात्याने पगार ठरवला आणि पगाराने तुटलेल्या बोटाची किंमत ठरवली. टक्केवारीचा तक्ता दिसायला सर्वांना समान होता. पण तो ज्या आकड्याला लावायचा तो आकडाच विषम होता.

३

बाबासाहेब १९४२ च्या जुलैत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ साली, प्रा. बी. पी. आडारकर यांची औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांचा अहवाल १९४४ च्या ऑगस्टमध्ये सादर झाला. विधेयक मांडले गेले १९४६ च्या अखेरीस, तेव्हा मजूरखाते बाबू जगजीवनराम यांच्याकडे होते. १९४८ साली राज्य कामगार विमा कायदा संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती मुंबईत आली.

१९२३ च्या कायद्याच्या मानाने ही मोठी झेप होती. कामगाराला मालकाच्या दारात भरपाईसाठी उभे राहायचे नव्हते. मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी उभा राहणार होता. योजनेचे स्वतःचे दवाखाने आणि इस्पितळे असणार होती. विशेष म्हणजे दवाखान्यात रोज जाऊन घ्यायचे उपचारही तिच्यात होते. वारंवार यावे लागणाऱ्या रुग्णाला, म्हणजे बारा आठवड्यांच्या रुग्णाला, या रचनेत जागा होती.

योगायोग असा की याच काळात परळच्या के. ई. एम. इस्पितळात, म्हणजे ऐन गिरणगावात, व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा १९५० साली निघाली. ती काढणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या. विवाहानंतर त्यांनी हा देश आपला मानला आणि अमेरिकेत जाऊन या विषयाचे शिक्षण घेतले. १९५२ साली या व्यवसायातील लोकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारत होता. १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था निघाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही पुढे व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. म्हणजे विमा, इस्पितळ आणि प्रशिक्षित माणूस या तिन्ही गोष्टी एकाच दशकात महाराष्ट्राच्या भूमीवर एकत्र आल्या होत्या.

मग त्यांची सांगड का बसली नाही? उत्तर १९४८ च्या कायद्यातच आहे. आजारपणाचा भत्ता, अपंगत्वाचा भत्ता, वैद्यकीय उपचार यांबाबत कायद्याची भाषा हक्काची आहे. विमाधारकाला हे मिळेल, असे तो सांगतो. जायबंदी कामगाराचे पुनर्वसन आणि त्याला पुन्हा कामाला लावणे याबद्दलचे कलम १९ मात्र म्हणते की महामंडळ असे उपाय योजू शकेल, आणि तेही केंद्र सरकार ठरवील त्या खर्चाच्या मर्यादेत. 'मिळेल' आणि 'करू शकेल' या दोन क्रियापदांत सारा फरक आहे. पैसा हा हक्क झाला आणि हात परत मिळणे ही मेहेरबानी राहिली. हीच भाषा पुढच्या कायद्यांतही उतरली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही पुनर्वसनाचे कर्तव्य सरकारवर आहे, पण आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत.

४

या योजनेच्या दाराबाहेर कोण राहिले, हा दुसरा प्रश्न. १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले. हंगामी म्हणजे कोणते, तर कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, भुईमुगाची फोड, साखर, गूळ. हे सारे विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र येथल्या भूमिहीनांच्या पोटाचे धंदे. ऊसतोड कामगार तर कारखान्याचा कामगार म्हणूनही मोजला गेला नाही. तो मुकादमाचा माणूस, उचल घेऊन आलेला. त्याच्या कोयत्याने त्याचेच बोट गेले तर तो कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. शेतमजूरही बाहेरच राहिला. मळणी यंत्रांनी शेतमजुरांचे हात इतके तोडले की १९८३ साली घातक यंत्रांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यातही भरपाईची तरतूद आली.

आणि जे आत होते त्यांचे तरी काय झाले? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हजारोंना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. नोकरी गेली तशी वर्गणी थांबली, वर्गणी थांबली तसा विम्याचा आधार सुटला. हीच माणसे आणि त्यांची मुले पुढे छोट्या यंत्रमागांवर, बांधकामावर, कंत्राटी सफाईत गेली. तेथे कंत्राटदार कामगाराचे नाव विम्याच्या कागदावर चढवतो तो फार दबाव आला तरच. सांगायचे तात्पर्य असे की ज्या हाताला इजेचा धोका सर्वांत जास्त, त्या हाताला विमा सर्वांत कमी.

५

एकविसाव्या शतकात विम्याचे स्वरूप मुळातूनच बदलले. २००८ साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. २०१८ साली केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. २०२३ साली राज्य सरकारने फुले योजना सर्व कुटुंबांना लागू करून तिचे संरक्षणही पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला.

या योजनांनी गरिबाला काहीच दिले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. ज्या इस्पितळाच्या पायरीवर आपला माणूस पूर्वी उभा राहत नव्हता तेथे त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होते, ही लहान गोष्ट नाही. वर्गणी न घेता आणि मालकाचा दाखला न मागता मिळणारा हा विमा आहे. शेतमजूर आणि ऊसतोड कामगार त्यात प्रथमच आला.

पण या विम्याचे एकक वेगळे आहे. राज्य कामगार विमा योजना माणसाचा विमा होती. नवा विमा शस्त्रक्रियेचा विमा आहे. ठरलेल्या प्रक्रियांची यादी, प्रत्येक प्रक्रियेला ठरलेली रक्कम, ती रक्कम इस्पितळाला, असा त्याचा व्यवहार. त्याला पॅकेज म्हणतात. जीवनदायी योजनेत ९७२ प्रक्रिया होत्या. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधे त्या पॅकेजमध्येच धरलेली होती. केंद्राच्या योजनेत ही मुदत १५ दिवसांची आहे. बाह्यरुग्ण म्हणून रोज येऊन घ्यायचे उपचार योजनेबाहेर.

आता ते बारा आठवडे आठवावेत. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. स्नायुबंध शिवण्याचे पैसे विमा देतो. दहाव्या किंवा पंधराव्या दिवशी विमा निघून जातो. त्या वेळी बोटे अजून स्प्लिंटमध्ये असतात. उरलेले सुमारे दहा आठवडे, जे ठरवतात की बोट वाकेल की काठीसारखे ताठ राहील, ते रुग्णाच्या स्वतःच्या खर्चाचे. उपचार सरकारी इस्पितळात फुकट असला तरी तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी फुकट नसते. परिणामी शस्त्रक्रिया यशस्वी आणि हात निकामी अशी विचित्र अवस्था होते. योजनेच्या हिशेबात मात्र तो दावा मंजूर झालेला आणि यशस्वी असतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या शिकवणुकीवाचून शस्त्रक्रिया व्यर्थ जाते हे नवे ज्ञान नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हाच हे स्पष्ट झाले होते. स्नायुबंध एका जागेहून दुसऱ्या जागी नेला की मेंदूला आणि बोटाला नवे काम शिकवावे लागते. ते शिकवण्यासाठी तेथे वेगळी माणसे होती आणि हाताला कामाची सवय लावणारी कार्यशाळा होती. समाजाने टाकून दिलेल्या माणसाच्या हातावर जे सिद्ध झाले, ते विम्याच्या यादीत शिरू शकले नाही.

पैसा ज्या वाटेने जातो त्याच वाटेने इस्पितळ वाढते. ज्या कामाला पॅकेज नाही त्या कामाला खाजगी इस्पितळ माणूस ठेवत नाही आणि सरकार पद भरत नाही. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि व्यवसायोपचाराला त्यात स्थान मिळाले. पदवीला मान्यता मिळाली. पण त्या पदवीच्या कामाचे मोल विम्यातून कोण देणार, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

६

केवळ आपल्याच देशात असे घडते असे नाही. अमेरिकेत वृद्धांसाठी १९६५ साली मेडिकेअर हा सरकारी विमा सुरू झाला. १९९७ साली खर्चकपातीच्या कायद्याने बाह्यरुग्ण व्यवसायोपचारावर माणशी वर्षाला १,५०० डॉलरची मर्यादा घातली. अर्धांगवायूच्या रुग्णाचा हात कोणत्या महिन्यात सुधारायचा थांबेल, हे जणू अर्थसंकल्पाने ठरवले. रुग्णांच्या आणि उपचार करणाऱ्यांच्या संघटना लढत राहिल्या. मर्यादा कधी स्थगित झाली, कधी अपवादांनी सैल झाली आणि शेवटी २०१८ साली रद्द झाली. दरम्यान २०१३ साली न्यायालयीन तडजोडीतून आणखी एक गोष्ट मान्य झाली. रुग्ण सुधारत नसला तरी आहे ती शक्ती टिकवण्यासाठी कुशल उपचार लागत असतील तर ते नाकारता येणार नाहीत.

यातून आपण काय घ्यावे? तेथे भांडण मर्यादेचे होते, कारण यादीत नाव होते. आपल्याकडे यादीतच नाव नाही, म्हणून भांडणही नाही. जे मोजलेच जात नाही त्याच्या कपातीविरुद्ध मोर्चा निघत नाही.

७

येथे एक आक्षेप आपल्याच विचारातून पुढे येईल आणि तो टाळून चालणार नाही. व्यवसायोपचार माणसाला त्याच्या कामाकडे परत नेतो. पण ज्याचे काम जातीने लादलेले आहे त्याला तेथेच परत न्यायचे काय? गटारात उतरणाऱ्याचा हात बरा करून त्याला पुन्हा गटारात उतरवायचे, याला पुनर्वसन म्हणायचे काय? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमिकांचीच विभागणी म्हटले होते. त्या विभागणीची दुरुस्ती करणारे शास्त्र आपल्याला नको.

आक्षेप खरा आहे. पण त्याचा रोख उपचारावर नसून कामावर असला पाहिजे. ज्याचे बोट वाकत नाही त्याला झाडू सोडता येतो, पण लेखणी, स्टिअरिंग किंवा शिवणयंत्रही धरता येत नाही. निकामी हात माणसाला जातीच्या धंद्यातून मुक्त करत नाही. तो त्याला भिकेकडे नेतो आणि त्याच्या मुलाला त्याच झाडूकडे. कामाची निवड करण्याचा हक्क मागायचा तर निवडलेले काम करू शकणारा हातही मागावा लागेल. या शास्त्राची पहिली विचारणा 'तुला या हाताने काय करायचे आहे?' अशी असते. जातिव्यवस्थेने हा प्रश्न आपल्या माणसाला हजारो वर्षांत कधी विचारला नाही.

सफाई कामगारांच्या बाबतीत भरपाईची लढाई पुढे गेली आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली. २०२३ साली ती ३० लाख झाली आणि कायमच्या अपंगत्वासाठी किमान २० लाख ठरले. हे यश चळवळीचे आहे. तरीही १९२३ चा तर्कच येथे मोठ्या आकड्यांत चालू आहे, हे विसरता कामा नये. मेलेल्याची आणि मोडलेल्याची किंमत वाढली. मोडलेल्याला उभे करण्याची जबाबदारी अजून कोणाच्या नावावर चढलेली नाही.

८

म्हणून कार्यकर्त्यांसमोर काही ठोस कामे आहेत. अपघातग्रस्ताचा भरपाईचा अर्ज भरताना आपण तेथेच थांबतो. यापुढे त्याच्याबरोबर इस्पितळाकडून उपचाराचा लेखी आराखडाही मागावा. किती आठवडे, कोणता उपचार, कोठे, हे कागदावर आले की ते नाकारणाऱ्याला जाब विचारता येतो. दुसरे, फुले योजनेत हाताच्या शस्त्रक्रियेचे आणि अर्धांगवायूचे पॅकेज ८४ दिवसांचे असावे आणि त्यात येण्याजाण्याचे भाडे व बुडीत मजुरी धरावी, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घालावी. तिसरे, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचाराचे पद मंजूर आहे काय आणि भरलेले आहे काय, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. हे काम महाविद्यालयातले आपले विद्यार्थी एका सत्रात करू शकतील. चौथे, १९४८ चा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. तिच्याखालील नियमांत पुनर्वसनाबाबत 'करू शकेल' ऐवजी 'मिळेल' हा शब्द यावा म्हणून लढावे लागेल. शिक्षकांनी आणि वकील मित्रांनी या कामात पुढे यावे.

लोखंड्यांनी १८८४ साली बरे होईपर्यंतचा पगार आणि जायबंदी माणसाचा उदरनिर्वाह मागितला होता. त्यांच्या गुरूच्या नावाने आज जी योजना चालते ती दहा दिवसांनी रुग्णाला सोडून देऊ लागली, तर त्या नावाला अर्थ उरत नाही. योजनेला फुल्यांचे नाव देणाऱ्या सरकारपुढे आपण त्यांच्या सहकाऱ्याचे ते जुने निवेदन ठेवले पाहिजे. त्यातली अर्धी मागणी अजून पुरी व्हायची आहे.